शुक्रवारी तुटणारी लाइन

२ एप्रिल १९९९, शुक्रवार. पेण, रामवाडी.

कॉलेजचा एक कॉम्प्युटर घरी आणला. रोह्याहून एस.टी.नं, कॅबिनेट मांडीवर, मॉनिटर शेजारच्या सीटवर. कंडक्टर म्हणाला, "बाई, टीव्हीचं तिकीट लागंल." म्हटलं, टीव्ही नाही, कॉलेज आहे. हसला, पण तिकीट फाडलंच.

कॉलेजात फोन एकच. तो साठे सरांच्या टेबलावर, आणि प्राचार्य काही टेबल सोडत नाहीत. म्हणून घरच्या फोनवरून इंटरनेटला लावायचं, लागतील ते प्रोग्रॅम हार्ड डिस्कवर उतरवायचे, डिस्क टॉवेलात गुंडाळून डब्यात घालायची आणि रोह्याला न्यायची. पोळीभाजीचा डबा वेगळा.

काल मीटिंगमध्ये सर सगळ्यांदेखत म्हणाले, २९ मेला संस्थेचे अध्यक्ष येणार. दहाही मशीनवरून ई-मेल गेलं पाहिजे. गेलं तर कॉम्प्युटर रूम जूनपासून कायमची तुमची. नाहीतर मुंबईचा ठेकेदार तयार आहे. मी म्हटलं, होईल. बाकीचे माझ्याकडे बघत बसले. बसू देत. पेणच्या एक्स्चेंजला बावीस वर्षं ट्रंक ऑपरेटर होते. हातानं लाइन जोडायचे बोर्ड काढून टाकले तेव्हा तक्रारीचे फॉर्म घेत काउंटरवर तीन वर्षं काढली, मग राजीनामा देऊन हे शिकले. ठेकेदाराला खोली द्यायला नव्हे.

शुक्रवार माझा सुट्टीचा. रोह्याला त्या दिवशी वीज नसते, त्याबदली रविवारी काम. पेणला शुक्रवारी पाचला जाते. संध्याकाळनंतर इंटरनेटचा नंबर लागत नाही, सगळा जिल्हा तिथेच. इतर दिवशी पहाटे ५.४५ ची गाडी. म्हणजे माझ्या हातात काय, तर शुक्रवारची दुपार. पुरे झाली.

तीन वाजता पहिल्यांदा लावून पाहिलं. नाही. 'कुड नॉट रिझॉल्व्ह'. चहा.

३ एप्रिल, शनि.

रोहा. मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून दहा मशीनवर लिनक्स चढवलं आहे, आपापसात जोडलीही. फक्त टपालाचा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीचा हवा, तो सीडीवर नाही. तो परदेशातल्या कोठारातून आणायचा. पुस्तकात रिपॉझिटरी म्हणतात, मी कोठार म्हणते. आणणारा नोकर म्हणजे अ‍ॅप्ट. गुणी आहे. त्याला एक नाव सांगितलं की त्या एकासाठी लागणारी आणखी अकरा तो स्वतःच काढतो. लग्नाला एकाला बोलवावं तर घरदार येतं, तसं.

काल ती चूक का आली ते गाडीत वरसे येईपर्यंत कळलं होतं. कोठाराचं नाव आपण लिहितो, पण लाइन लागते नंबराला. नावाचा नंबर कुणाला विचारायचा हेच मी मशीनला सांगितलं नव्हतं. डिरेक्टरी एन्क्वायरीच नाही, तर पार्टी लागणार कशी.

९ एप्रिल, शुक्र.

एन्क्वायरीचे दोन नंबर फाइलमध्ये लिहिले. तीन वाजता लावलं. लागलं! कोठाराची अख्खी यादी आली. अठरा मिनिटं. ह्यांना हाक मारून दाखवलं. हे धरमतरच्या जेटीवरून नुकतेच आलेले, अंगावर बार्जवरच्या कोळशाची पूड. म्हणाले, "ही यादी. माल कुठाय?" म्हटलं, यादी आली की माल येतोच. "आमच्याकडं तसं नसतं," म्हणाले आणि आंघोळीला गेले.

शेवटी एकदा लाइन पडली. समोरूनच सोडली असावी.

चुका मला आता तोंडपाठ झाल्या. 'कुड नॉट रिझॉल्व्ह' म्हणजे डिरेक्टरीत नाव नाही. 'टाइम्ड आउट' म्हणजे नो रिप्लाय, घंटा वाजतेय, कुणी उचलत नाही. 'रिफ्यूज्ड' म्हणजे उचललं आणि आपटलं. नवं काही नाही, फक्त इंग्रजीत.

१० एप्रिल, शनि.

सकाळी निघायच्या आधी एक सोय करून ठेवली. लाइन पडली की मशीननं न विचारता पुन्हा लावायची, पडली की लावायची, लागेपर्यंत. चांगल्या ऑपरेटरचं लक्षण हेच. पार्टीला तुटल्याचं कळायच्या आत आपण जोडून मोकळं व्हायचं.

साठे सर: "सुलभाताई, कुठवर आलं?" म्हटलं, निम्म्यावर. तसं निम्म्यावर नाही. पण यादी आली म्हणजे निम्मंच की.

१३ एप्रिल, मंगळ.

संध्याकाळी झुबेदाभाभी आल्या. भिंतीला भिंत लागून घर. इस्माईलभाईंचं कुवेतहून पत्र आलंय. करार ३१ मेला संपतो. कंपनी म्हणते, आणखी दोन वर्षांची सही करा. त्यांनी भाभींना विचारलंय, सही करू की येऊ? पत्रानं उत्तर देऊ नकोस, पंधरा दिवस जातात, मी फोन करतो, शुक्रवारी.

"काय सांगणार?" मी विचारलं.

"या म्हणणार. बारा वर्षं झाली गो. पोरगी लग्नाला आली, बापाला तिनं मोजून सहा वेळा बघितलंय."

त्यांचा फोन म्हणजे आमचाच, पी.पी. इस्माईलभाई पहिल्यांदा गेले तेव्हा ह्या पोरीला बोटाला धरून भाभी फोनसाठी धावत यायच्या. फोनच्या नंबराला तेव्हा सात वर्षांची रांग. म्हणून आमच्या जुन्या लाइनमनकडून स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर टाकून त्यांच्याकडे फोनचं एक डबडं बसवून घेतलं. कागदावर कुठेच नाही. घंटा दोन्हीकडे वाजते. उचलायचं मीच. त्यांचा असला तर भिंतीवर तीनदा ठोकायचं, त्या उचलतात, मी ठेवते. बारा वर्षांत त्यांनी घंटेशिवाय उचलला नाही, आणि त्यांनी उचलल्यावर मी एक अक्षर ऐकलं नाही.

म्हटलं, शुक्रवारी मी दिवसभर घरातच असते, काळजी नको. समाधानानं गेल्या.

१६ एप्रिल, शुक्र.

कोठारात नवा माल आला म्हणे, म्हणून यादी पुन्हा आणायची. तीनपर्यंत झकास. मग 'कुड नॉट रिझॉल्व्ह'. पुन्हा! मी भात टाकायला उठले होते, परत आले तर पडदाभर तीच ओळ. लाइन पाहिली तर चालू. म्हणजे लाइनचा दोष नाही. डिरेक्टरीवालाच झोपला.

तीनदा पहिल्यापासून केलं. हे कोठार अर्ध्यातून पुढे देत नाही, सोडलं की पुन्हा श्रीगणेशा. पाचला वीज गेली.

भाभींनी कुंपणावरून विचारलं, फोन? म्हटलं, नाही वाजला.

१८ एप्रिल, रवि.

रोहा. एन्क्वायरीचा तिसरा नंबर मिळवला, एका संध्याकाळच्या वर्गातल्या मुलीचा भाऊ मुंबईला हेच काम करतो, त्याच्याकडून. आता तिघांपैकी एक तरी जागा असेल.

२३ एप्रिल, शुक्र.

तिन्ही झोपले. ३.०५ ला. लाइन चालू, नावं सापडत नाहीत. मग रागानं कोठारच बदललं. अमेरिकेचं सोडून जपानचं. जपानी कामसू असतात. ३.३० ला जपानचंही तेच. जर्मनी, ३.५०. तेच. अख्ख्या जगानं पेणच्या एका बाईशी फारकत घेतली काय?

एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी अकराला गंमत म्हणून लावलं होतं तेव्हा पाच-सात मिनिटं काही बिघडलं नाही. बिघडतं ते तीनच्या पुढे. तिकडच्या कोठारांवर त्या वेळी गर्दी उसळत असणार. त्यांच्याकडे तेव्हा सकाळ की रात्र, हा हिशेब तीन देशांसाठी करत बसले तर डोकं धरलं.

हे म्हणाले, "वेळ बदल." म्हटलं, सकाळी इंटरनेटचा नंबर लागतो कुठे नीट. आजचं नशीब.

भाभी कुंपणाशी आल्या नाहीत. मीच सांगितलं, वाजला नाही. "करतील," म्हणाल्या. "कामात असतील."

२७ एप्रिल, मंगळ.

लाइन चालू दिसते, पण घाण असेल तर? खांबावरच्या पेटीत सांधा सैल असला की तीनच्या उन्हात तार लांबते आणि खरखर सुरू होते. हा माझा जुना अनुभव. घरत लाइनमनला निरोप दिला होता, सकाळी साडेसहाला आला. मी त्यासाठी रजा टाकली.

आता खरं लिहायचं तर, तो यायच्या आधी स्वयंपाकघराच्या खिडकीवर ओला टॉवेल वाळत टाकला. वायर तिथूनच जाते. खात्यातून बाहेर पडलेल्या बाईच्या घरात चोरटं पॅरलल, आणि घरतचं तोंड म्हणजे पेणचा बाजार.

पेटी तपासली, सांधे घासले, खांबावरून एक्स्चेंजला बोलला. खाली उतरून म्हणाला, "ताई, लाइन चकाचक हाय. पर घरात दुसरा फोन हाय काय? जोड दोन दाखवतंय."

"नाही."

"बघा हां. तुमच्याच घरात बघा काय ते."

"घरत, तू शाळेत जात होतास तेव्हापासून मी लाइनी बघते." चहा न घेता गेला. बरं वाटलं नाही. पण चूक कबूल करावी एवढंही वाईट वाटलं नाही.

३० एप्रिल, शुक्र.

मोडेमचा वेग निम्म्यावर आणला. धिम्या गाडीला धक्के कमी. यादी ६० टक्के. ३.१२ ला गेली. पुन्हा लावलं, ३.२५ ला गेली. पुन्हा, ३.४१. नंतर सोडून दिलं आणि कैऱ्यांचं पन्हं केलं. चांगलं झालं, तेवढंच.

महिना उरला. बारातलं एक पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचं पुडकं, हातात नाही. तरी होईल. ही नुसती फुशारकी नाही. गोष्ट दर वेळी एकाच वेळी बिघडते म्हणजे तिला कारण आहे, आणि कारण असलं की ते सापडतं. कारण नसतं तर घाबरले असते.

२ मे, रवि.

सर म्हणाले, ठेकेदाराचा माणूस खोली बघून गेला. शुक्रवारी, मी नसताना. "नुसता बघून गेला हो." खुर्च्या मोजल्या म्हणे त्यानं. राग आला तो दिवसभर गेला नाही. मुलींच्या वर्गात मशीनच्या जोडणीचा नकाशा शिकवायच्या जागी फाइली शिकवल्या आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

७ मे, शुक्र.

३.१० पहिली. ३.२२ दुसरी. ३.४० तिसरी. वेळा वहीत लिहिल्या. गेल्या तीन शुक्रवारच्या शेजारी मांडल्या. पहिली नेहमी तीननंतर पाच ते बारा मिनिटांत. मग साधारण पाव तासानं. तीनच्या आधी एकही नाही! कोठारावरची गर्दी अशी येत नाही. गर्दीला घड्याळ नसतं. हे माणसाचं वागणं आहे.

कोण? तिकडचा कुणी कारकून जेवायला उठताना बटण बंद करतो?

भाभी भेटल्या नाहीत. त्यांची पोरगी नळावर होती. "अम्मी बोलत नाय कुणाशी," म्हणाली. मी म्हटलं, फोन आलेला नाही ना, म्हणून. येईल सांग.

९ मे, रवि.

गाडीत सुचलं. आपण पडद्यावर बघतोय. मी कधी पडद्यावर बघून लाइन लावली? कानानं लावली. मोडेमचा स्पीकर लागताना किंचाळतो आणि लागल्यावर गप्प होतो, ती सेटिंग बदलायची. सतत चालू. डोकं उठेल. उठू दे.

१४ मे, शुक्र.

सापडलं. लिहायला हात होत नाही, तरी लिहिते.

अडीचपासून खुर्ची सोडली नाही. स्पीकर चालू, नुसती किर्र, एकसुरी. तीन वाजून आठ मिनिटं. खट्. किर्र मोडली, मग पुन्हा खट्, हलकेच. आणि पुढच्या सेकंदाला माझं शहाणं मशीन स्वतःहून पुन्हा डायल करायला लागलं. अर्ध्या मिनिटात लाइन चालू, आणि पडद्यावर ओळ, नाव सापडत नाही. लाइन मधल्या अर्ध्या मिनिटात मेली होती म्हणून नाव सापडलं नव्हतं. मी बघायला यायचे तोवर ती जिवंत झालेली असायची. ज्या सोयीचा मला एवढा तोरा होता तिनंच पाच आठवडे मला आंधळं केलं.

आणि तो खट्. तो मी बावीस वर्षं ऐकलाय. रिसीव्हर उचलल्याचा. कोण कसा ठेवतो यावरून पेणातली अर्धी घरं मी ओळखायचे. हा हळू ठेवणारा हात होता, कुणाला त्रास होऊ नये म्हणून.

उठून शेजारी गेले. भाभी फोनच्या स्टुलाजवळ विळी घेऊन कैऱ्या चिरत होत्या.

"भाभी, फोन उचललात?"

विळी थांबली. "व्हय. जरासाच."

"दर शुक्रवारी?"

"जुम्म्याची नमाज झाली की ते लावतात. आपल्याकडं तीन वाजतात तवा. वाजतच नाय. म्हणून उचलून बघते, चालू हाय का. आत किर्र करतंय. वाटलं तुमची लाइन बिघडलीय. लायनमन पण आलेला ना."

"मला विचारायचं होतंत."

"तुमचाच फोन. किती विचारायचं माणसानं?"

मी सांगितलं सगळं. की लाइन बिघडली नव्हती, मी अडवून धरली होती. तीन ते पाच, पाच शुक्रवार, आणि तुटली तर मशीन लगेच पुन्हा अडवत होतं. त्यांनी कितीही वेळा लावला असेल, त्यांना एंगेजच ऐकू आलं असेल. मला वाटलं आता बोलतील. ऐकून घ्यायची तयारी करूनच उभी होते.

भाभींनी हातातली कैरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजे ते लावत होते?"

"लावत असणारच."

"मला वाटलं, इसरले." आणि हसल्या. विळी बाजूला सारून तोंडावर पदर घेतला आणि हसता हसता रडल्या.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शुक्रवार म्हणजे तिकडची सुट्टी, हे मला ठाऊक नव्हतं? कुवेतचे कॉल मी स्वतः लावलेत, शुक्रवारी बोर्ड पेटलेला असायचा. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या होत्या फक्त. 'मी दिवसभर घरातच असते,' असं मीच म्हणाले होते. लाज वाटते.

१५ मे, शनि.

कुवेतला फोन लावता येत नाही. इस्माईलभाई कंपनीच्या छावणीत राहतात, त्यांना नंबर नाही, तेच बाहेरून करतात. पत्र पोचेपर्यंत करार संपेल. रोह्याहून लवकर निघून भाभींना घेऊन पेणच्या तारघरात गेले, कंपनीच्या पत्त्यावर तार केली. लाइन मोकळी, शुक्रवारी लावा. भाभींनी खाली काय लिहायचं ते सांगितलं: या.

मग मी तो शब्द खोडायला लावला. त्या म्हणाल्या, का? म्हटलं, तार चार जण वाचतात. हे तुम्ही स्वतः बोला.

आता वाटतं, राहू द्यायला हवा होता.

१८ मे, मंगळ.

ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चिडवतील. म्हणाले, "पुढचे दोन शुक्रवार फोनला हात लावू नको." मग चप्पल घालता घालता, "आणि तुझ्या खोलीचं?"

"होईल."

"कसं?"

पुन्हा 'होईल' म्हटलं. सवय.

२१ मे, शुक्र.

मोडेमची वायर भिंतीतून काढली. दिवसभर लाइन मोकळी. दुपारी दोनपासून मी फोनसमोर. एकदा वाजला, साडेतीनला. धावले. ह्यांच्या जेटीवरून, बार्ज उशिरा आहे म्हणून. मी एवढ्या जोरात 'ठेवा' म्हटलं की त्यांनी ठेवला.

पाचपर्यंत काही नाही. भाभींनी भिंतीपलीकडून एकदा विचारलं, "हाय ना चालू?" म्हटलं, चालू आहे.

तार पोचली नाही? की पाच वेळा एंगेज ऐकून त्यांनी लावणंच सोडलं?

२४ मे, सोम.

रजा. सकाळपासून इंटरनेटचा नंबर एंगेज. दुपारी एकदा लागला, यादी पूर्ण आली. कुणी उचललं नाही, काही तुटलं नाही, वेग अजून निम्मा तरी छत्तीस मिनिटांत सरळ आली. इतकं सोपं होतं.

२७ मे, गुरु.

पुन्हा रजा. सर फोनवर कोरडे. "शनिवारी अकराला अध्यक्ष आहेत, लक्षात आहे ना." आहे.

बारापैकी अकरा पॅकेजेस उतरली. बारावं म्हणजे खुद्द टपालाचा प्रोग्रॅम, सगळ्यात मोठा. त्याच्यावर 'टाइम्ड आउट', तीनदा. घंटा वाजतेय, उचलत नाहीत. कोठार बदलून जर्मनीचं घेतलं तोवर संध्याकाळ, नंबरच लागेना. उद्या सकाळी. वेग पुन्हा पूर्ण केलाय, चाळीस मिनिटांचं काम.

भाभींना सांगून आले. उद्या दोनच्या आत मी लाइन सोडते. त्या म्हणाल्या, "तुमचं काम हाय ना गो, करा. एवढे आठवडे गेले." म्हटलं, दोनला सोडते.

२८ मे, शुक्र.

सहापासून डायल करतेय. एंगेज. साडेदहाला वीज गेली, एकला आली. १.३४ ला नंबर लागला. जर्मनीनं उचललं. माल यायला लागला.

दोन वाजले तेव्हा ६२ टक्के. आणखी पंधरा मिनिटांचं काम होतं. अर्ध्यातून पुढे देत नाही हे माहीत होतं. दोन वाजून एक मिनिटानं वायर काढली.

३.३४. फोन वाजला. सवयीनं मीच उचलला. समुद्रापलीकडची ती घुमणारी शांतता, एक सेकंदाची. मग, "सुलभाताय? अल्ला, लागला एकदाचा. ताय, सही—"

"मला नको. भाभींना सांगा," म्हटलं आणि भिंतीवर तीनदा ठोकलं. पलीकडे उचलल्याचा खट् झाला आणि मी ठेवला. झाली म्हणत होते की करायची आहे, ते मला माहीत नाही. आणखी अर्धा सेकंद थांबले असते तर कळलं असतं. पेणच्या बोर्डावर मी कधी अर्धा सेकंद थांबले नाही.

४.०५. इस्माईलभाई बारा वर्षांत पाच मिनिटांवर कधी बोलले नाहीत. अर्धा तास झाला. भिंतीपलीकडून आवाज नाही. बोलणं संपून भाभी नुसत्या बसल्या असतील. किंवा रिसीव्हर कानाला असेल आणि पलीकडून ते बोलत असतील. दोन्ही होऊ शकतं.

पाचला वीज जाणार. चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे ४.२० च्या आत लावायला हवं. संध्याकाळनंतर नंबर लागत नाही, पहाटे ५.४५ ची गाडी, अकराला अध्यक्ष. ठेकेदारानं खुर्च्या मोजल्याच आहेत.

४.१६. हे दारात उभे राहून बघून गेले.

उचलून बघितलं तर एका क्षणात कळेल, लाइन मोकळी आहे की नाही. पण मोकळी नसेल तर तो खट् त्यांच्या बोलण्यात पडेल, आणि भाभी समजतील की मला फोन हवाय. त्या लगेच ठेवतील. त्या तशाच आहेत. मी दारही वाजवणार नाही.

४.२१. पलीकडे कुणीतरी मोठ्यानं काहीतरी म्हणालं. हसणं की काय, कळलं नाही. पोरगीही असेल.

४.२८. रिसीव्हर मी उचललेला नाही.